तीन दिवसांचा शिधा, पाच आठवड्यांची वाट

ब्रिटनमधील फूड बँका, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणारी धर्मादाय केंद्रे, पंधरा वर्षांत किती वाढल्या, याविषयी मागील अंकात एक छोटे टिपण होते. त्यावर बरीच पत्रे आली. संपन्न देशांत, कल्याणकारी राज्य उभे असताना, धर्मादाय अन्नवाटप एवढे का वाढते, असा बहुतेक पत्रांचा सूर होता. त्यांतील काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : ब्रिटन म्हणजे कल्याणकारी राज्याचे माहेरघर. तिथे बेकारभत्ता आहे, घरभाड्याला मदत आहे, उपचार मोफत आहेत. मग लोकांना डबाबंद अन्नासाठी चर्चच्या दारात का जावे लागते? भत्ते बंद झाले आहेत का?

उत्तर : भत्ते बंद झालेले नाहीत. ते तोकडे झाले, उशिरा मिळू लागले आणि अडीअडचणीला आधार देणारा त्यांचा एक भाग तर जवळजवळ काढूनच घेतला गेला.

सामाजिक सुरक्षेची रूपरेषा मांडणाऱ्या १९४२ च्या बेव्हरिज अहवालानंतर ब्रिटनमध्ये जी व्यवस्था उभी राहिली तिचा पाया हा होता, की अडचणीतल्या माणसाला रोख पैसे मिळावेत, ते सरकारकडून मिळावेत आणि हक्क म्हणून मिळावेत. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स कायद्याने गरिबांना मदत देण्याचा जुना कायदा, ‘पुअर लॉ’, अधिकृतपणे संपवला, तो याच विचाराने. पुढची पन्नासेक वर्षे धर्मादाय अन्नवाटप मुख्यतः बेघरांच्या सूप किचनपुरते राहिले. फूड बँकांचे मोठे जाळे चालवणाऱ्या ट्रसेल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेची पहिली फूड बँक सॉल्झबरी शहरात २००० साली सुरू झाली, आणि पहिली दहा वर्षे तिचे जाळे लहानच होते. २०१०-११ मध्ये या जाळ्यातून शिध्याची सुमारे ६१ हजार पाकिटे गेली. २०२३-२४ मध्ये ३१ लाखांवर पाकिटे गेली. २०२४-२५ मध्ये ती २९ लाखांच्या आसपास आली, आणि त्यांतली १० लाखांहून जास्त मुलांसाठी होती. ट्रसेलच्या जाळ्याबाहेरची स्वतंत्र केंद्रे या आकड्यांत धरलेली नाहीत.

इथे एक खुलासा करायला हवा. एक पाकीट म्हणजे एका माणसाचा तीन दिवसांचा शिधा. चार जणांचे कुटुंब वर्षात दोनदा आले, तर आठ पाकिटे मोजली जातात. म्हणून ‘२९ लाख माणसे’ असे लिहिणे चूक आहे. वर्तमानपत्रांत ही चूक वारंवार दिसते.

आता कारणांकडे. जागतिक मंदी आली २००८ मध्ये, पण फूड बँकांची मोठी वाढ २०१० नंतरची आहे, आणि मधल्या काळातले सरकारी निर्णय पाहिले की तिचा उलगडा होतो. सरकारी रोजगार केंद्रांना लोकांना फूड बँकेकडे पाठवण्याची मोकळीक २०११ मध्ये मिळाली. २०१२ च्या अखेरीस अटी मोडल्याबद्दल भत्ता रोखण्याची मुदत तीन वर्षांपर्यंत वाढवली गेली. ती सहा महिन्यांवर यायला २०१९ उजाडले. एप्रिल २०१३ पासून सरकारी किंवा ना-नफा गृहसंस्थेच्या भाड्याच्या घरात एक खोली ‘जास्त’ असेल, तर घरभाड्याची मदत १४ टक्क्यांनी आणि दोन किंवा अधिक असतील तर २५ टक्क्यांनी कापली जाऊ लागली. त्याच वर्षापासून काम करण्याच्या वयातल्या लोकांच्या बहुतेक भत्त्यांची वार्षिक वाढ १ टक्क्यावर बांधली गेली, आणि २०१६ ते २०२० ही चार वर्षे वाढ झालीच नाही. ६ एप्रिल २०१७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या तिसऱ्या आणि पुढच्या मुलांसाठीची रक्कम नाकारण्यात आली. ही दोन मुलांची मर्यादा एप्रिल २०२६ पासून उठवण्याची घोषणा नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली.

या सगळ्यांत सर्वांत कमी चर्चा झालेला आणि आमच्या मते फार महत्त्वाचा निर्णय सोशल फंडाचा आहे. पैशांचे पाकीट चोरीला गेले, शेगडी बंद पडली, पगार अडकला, अशा वेळी त्या फंडातून बिनव्याजी कर्ज किंवा अनुदान मिळे. एप्रिल २०१३ मध्ये ही कर्जे आणि अनुदाने रद्द झाली आणि जबाबदारी काउन्सिलांकडे, म्हणजे पालिकांसारख्या स्थानिक संस्थांकडे गेली. इंग्लंडमध्ये दिलेला निधी याच कामासाठी राखीव ठेवण्याचे बंधन नव्हते. काउन्सिलांचे स्वतःचे अंदाजपत्रक आक्रसत होते, त्यामुळे अनेकांनी योजना छाटल्या आणि काहींनी गुंडाळल्या. अडीअडचणीची वेळ मात्र टळत नाही. सरकारी रोख रक्कम जिथे मिळायची तिथे आता धर्मादाय डबे मिळू लागले. ऑक्टोबर २०२१ पासून ‘हाउसहोल्ड सपोर्ट फंड’ आला खरा, पण त्याची मुदत कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षाने वाढवली जात राहिली. सहा महिन्यांनी संपेल अशा योजनेसाठी कोणतीही काउन्सिल कायमची माणसे नेमत नाही. मग मुदत संपत आली, की घाईघाईने खरेदीची व्हाउचर वाटून पैसा खर्ची टाकला जाई.

प्रश्न : ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ची पाच आठवड्यांची वाट म्हणजे नेमके काय? आगाऊ रक्कम मिळते असे वाचले. मग अडचण कुठे येते?

उत्तर : २०१२ च्या कायद्याने सहा जुने भत्ते एकत्र करून युनिव्हर्सल क्रेडिट केले. अर्ज केल्याच्या दिवसापासून एक महिना हिशेबाचा कालावधी चालतो. त्या महिन्यातले उत्पन्न पाहून रक्कम ठरते आणि ती सात दिवसांच्या आत खात्यावर येते. एक महिना अधिक सात दिवस म्हणजे पाच आठवडे. फेब्रुवारी २०१८ पर्यंत सुरुवातीला आणखी सात ‘प्रतीक्षा दिवस’ होते, म्हणजे सहा आठवडे. पगार महिन्याने मिळतो, तेव्हा भत्ताही तसाच मिळावा, असा यामागे विचार होता. पण कमी पगाराची कामे करणाऱ्या अनेकांना आठवड्याने किंवा पंधरवड्याने पैसे मिळतात. काम सुटते तेव्हा त्यांच्या हाती महिन्याची पुंजी नसते.

आगाऊ रक्कम मिळते, पण ते कर्ज आहे. आकडे मांडून पाहू. २०२५-२६ मध्ये २५ वर्षे किंवा अधिक वयाच्या एकट्या माणसाची मूळ रक्कम महिन्याला ४००.१४ पौंड होती. त्याने पूर्ण महिन्याची आगाऊ रक्कम घेतली, तर ती २४ महिन्यांत फेडायची, म्हणजे दरमहा सुमारे १६ पौंड ७० पेन्स. एवढेच असते तर निभले असते. पण त्याच रकमेतून पूर्वी चुकून जास्त दिलेला भत्ता, थकलेला काउन्सिल टॅक्स, वीज-गॅसची थकबाकी असे हप्ते कापले जाऊ शकतात. अशा कपातीची एकूण मर्यादा एप्रिल २०२५ च्या अखेरीपासून मूळ रकमेच्या १५ टक्के झाली, म्हणजे सुमारे ६० पौंड. त्याआधीच्या २५ टक्क्यांनी धरले, तर १०० पौंड गेले असते. शिक्षा म्हणून कापलेला भत्ता या मर्यादेत येत नाही, तो वेगळा. घरभाड्याची मदत प्रत्यक्ष भाड्यापेक्षा कमी पडत असेल, तर उरलेला फरकही याच ४०० पौंडांतून भरावा लागतो.

आणखी एक खाच आहे. चार आठवड्यांनी पगार मिळणाऱ्याला वर्षात १३ पगार होतात, त्यामुळे वर्षातून एका हिशेबाच्या महिन्यात दोन पगार पडतात. त्या महिन्यात उत्पन्न दुप्पट दिसते आणि भत्ता घसरतो किंवा शून्यावर येतो. दरमहा पगार घेणाऱ्यांची अशीच अडचण न्यायालयाच्या निकालानंतर नोव्हेंबर २०२० मध्ये नियम बदलून सोडवली गेली. चार आठवडेवाल्यांची सुटली नाही. ज्यांना हे ठाऊक असते ते आदल्या महिन्यात थोडे बाजूला ठेवतात. पण ४०० पौंडांतून बाजूला ठेवायला उरते किती?

प्रश्न : फूड बँकेत प्रत्यक्ष काय घडते? कोणीही जाऊन अन्न मागू शकतो का? त्या पाकिटात काय असते?

उत्तर : ट्रसेलच्या जाळ्यात थेट जाऊन सहसा शिधा मिळत नाही, आधी कोणीतरी पाठवावे लागते. डॉक्टर, शाळा, समाजसेवक, ‘सिटिझन्स ॲडव्हाइस’सारखे सल्लाकेंद्र किंवा रोजगार केंद्र माणसाची अडचण ऐकून व्हाउचर देते. आता बऱ्याच ठिकाणी कागदाऐवजी कोड असतो. त्यावर घरात मोठी माणसे किती, मुले किती आणि अडचणीचे कारण काय, एवढे नोंदलेले असते. स्वतंत्र केंद्रांपैकी काहींना व्हाउचर लागते, काहींना लागत नाही.

पाकीट तीन दिवसांचे आणि टिकाऊ वस्तूंचे असते. न्याहारीचे सीरियल, सूप, पास्ता, तांदूळ, टोमॅटोचे किंवा पास्ता सॉसचे डबे, कडधान्ये आणि बीन्स, डबाबंद मांस किंवा मासे, डबाबंद भाज्या आणि फळे, चहा-कॉफी, बिस्किटे, न उघडता बाहेर टिकणारे दूध, फळांचा रस. जमेल तिथे ब्रेड, अंडी, ताजी भाजी. साबण, सॅनिटरी पॅड आणि डायपरही बरेचदा असतात.

चांगले केंद्र पाकीट बांधण्याआधी चार गोष्टी विचारते : घरात शेगडी चालू आहे का, मीटरमध्ये पैसे आहेत का, कोणाला काय चालत नाही, आणि बाळ आहे का. हे न विचारल्यास शिधा वाया जातो. आगाऊ पैसे भरून चालणाऱ्या मीटरवर शिल्लक नसेल, तर पास्ता आणि तांदूळ शिजणार कशावर? अशांसाठी फक्त किटलीतल्या उकळत्या पाण्यावर होणाऱ्या वस्तूंचे पाकीट असते, आणि होस्टेलमध्ये किंवा रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी न शिजवता खाण्याचे. डबे उघडायला ओपनर नसतो, म्हणून कडी ओढून उघडणारे डबे वेगळे काढून ठेवावे लागतात. मधुमेह्याच्या पाकिटातून रस आणि साखर काढून कडधान्य आणि डबाबंद मासे वाढवावे लागतात. शाकाहारी घरासाठी सूपच्या लेबलवर मांसाचा अर्क आहे का, हे बघावे लागते.

अडचणी इथेही आहेत. केंद्र आठवड्यातून दोन-तीन दिवस, दोन-तीन तास उघडे असते आणि त्याच वेळी नोकरी करणारा माणूस कामावर असतो. गावाकडच्या भागात बसभाडे आणि दोन जड पिशव्या, हा वेगळाच प्रश्न होतो. सहा महिन्यांत तीनपेक्षा जास्त व्हाउचर झाली, की केंद्राने पाठवणाऱ्या संस्थेशी बोलायचे, असा बराच काळ प्रघात होता. त्यामागे विचार होता, की तीन वेळा शिधा लागतो तेव्हा मूळ अडचण सुटलेली नाही आणि तिकडे कोणीतरी बघायला हवे. अनेकांनी मात्र त्याचा अर्थ ‘तीनच वेळा मिळते’ असा घेतला आणि गरज असूनही ते परत आले नाहीत. पाठवणाऱ्या संस्थांनी पहिल्याच भेटीत हे स्पष्ट सांगायला हवे.

प्रश्न : माझी भाची ब्रिटनमध्ये विद्यार्थी व्हिसावर शिकते आहे. पैशांची ओढाताण आहे. तिने फूड बँकेतून शिधा घेतला, तर व्हिसाला धोका आहे का?

उत्तर : नाही. विद्यार्थी व्हिसावर ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ अशी अट असते. त्या निधीत युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट, सरकारी घर अशा ठरावीक गोष्टी येतात. धर्मादाय फूड बँक त्यात येत नाही. विद्यापीठाचा अडचण निधीही येत नाही, आणि खरे तर तिने आधी तिकडे अर्ज करावा, कारण तिथे रोख रक्कम मिळते. स्टुडंट्स युनियनच्या सल्लाकेंद्रात खात्याचे विवरण आणि भाड्याचा करार घेऊन जावे. काउन्सिलच्या आपत्कालीन निधीची गोष्ट वेगळी आहे. तिथे अर्ज करण्याआधी व्हिसाची माहिती असणाऱ्या सल्लागाराला जरूर विचारावे. काही केंद्रे विद्यार्थ्यांना आधी विद्यापीठाकडे पाठवतात, म्हणून जाण्यापूर्वी फोन करावा.

प्रश्न : एकीकडे सुपरमार्केट टनांनी अन्न फेकतात, दुसरीकडे लोक उपाशी. उरलेले अन्न फूड बँकेला देणे सक्तीचे केले, तर दोन्ही प्रश्न एकदम सुटतील ना?

उत्तर : ही कल्पना मनाला पटते, आणि म्हणूनच ती सरकारांना आवडते. फ्रान्सने फेब्रुवारी २०१६ मध्ये तसा कायदा केला. ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांनी अन्नवाटप संस्थेशी करार करायचा. खाण्यायोग्य अन्न मुद्दाम खराब केले, तर तेव्हा ३,७५० युरो दंड होता. कायदा चांगलाच आहे. पण त्याने करार सक्तीचा केला, किती आणि कोणत्या दर्जाचे अन्न द्यायचे हे ठरवले नाही. शेवटच्या दिवसाची सॅलडची पाकिटे दुकानाने संध्याकाळी दिली, तर ती रात्रीच्या आत कोणाच्या ताटात पडणार? गाडी, शीतखोली, निवड करणारी माणसे आणि उरलेल्याची विल्हेवाट यांचा खर्च संस्थेवर पडतो.

ब्रिटनमधले नियम पाहिले, की हे काम किती बारकाईचे आहे ते कळते. वेष्टनावर ‘यूज बाय’ तारीख असेल, तर ती उलटल्यावर ते अन्न फुकटही देता येत नाही, कारण तो आरोग्याचा प्रश्न आहे. ‘बेस्ट बिफोर’ मात्र चवीची आणि दर्जाची तारीख आहे. ती उलटलेले तांदूळ, बिस्किटे, डबे देता येतात. ‘यूज बाय’चे अन्न त्या दिवसाच्या मध्यरात्रीपूर्वी गोठवले, तर पुढे वापरता येते, पण गोठवल्याची तारीख लिहिली पाहिजे. थंड अन्न ८ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, आणि बहुतेक केंद्रे ५ अंश धरून चालतात. गोठवलेले उणे १८ ला ठेवतात. स्वयंसेवकांनी चालवलेल्या चर्चच्या सभागृहात एवढी व्यवस्था करणे सोपे नाही. म्हणूनच बरीच केंद्रे टिकाऊ डब्यांवर चालतात आणि टंचाई पडली की देणगीच्या पैशातून बाजारातून शिधा विकत घेतात.

युरोपीय संघाला हा धडा फार पूर्वी मिळाला होता. १९८७ मध्ये शेतमालाच्या भावाला आधार देताना साठलेले लोणी, धान्य, दूध पावडर गरिबांना वाटण्याची योजना सुरू झाली. पुढे शेती धोरण बदलले, गोदामे रिकामी झाली, पण वाटप चालू ठेवायचे म्हणून बाजारातून खरेदी होऊ लागली. जर्मनीने त्यावर दावा लावला आणि एप्रिल २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने बाजारातली ती खरेदी योजनेत बसत नाही असा निकाल दिला. त्यानंतर २०१४ पासून सात वर्षांसाठी सुमारे ३८० कोटी युरोंचा वेगळा निधी उभारावा लागला. साठा उरतो तो बाजाराच्या कारणाने, माणसाला अन्न लागते ते त्याच्या गरजेने. दोन्ही एकाच दिवशी, एकाच ठिकाणी आणि योग्य प्रमाणात जुळतील याची हमी कोणीच देऊ शकत नाही. शिवाय दुकानांनी मागणीचा अंदाज नेमका बांधून नासाडी कमी केली, जे व्हायलाच हवे, तर फूड बँकेचा पुरवठा आटतो. नासाडी थांबवण्यासाठी झटावेच, पण भुकेवरचा उपाय तिच्यावर टांगून ठेवू नये.

प्रश्न : रोख पैसे दिले तर ते दारू-सिगारेटमध्ये जातील, अन्न दिले तर निदान पोटात जाते. यात चूक काय?

उत्तर : पुरावा उलट दिशेने बोलतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर प्रांताने गरिबी कमी करण्याचा कार्यक्रम घेतला, त्यात सामाजिक साहाय्याची रक्कम वाढवून ती महागाईशी जोडली. साहाय्य घेणाऱ्या घरांत अन्नाची चणचण २००७ मध्ये सुमारे ६० टक्के होती, ती २०१२ पर्यंत सुमारे ३४ टक्क्यांवर आली. त्याच देशात एकट्या, कमी उत्पन्नाच्या माणसांना ६५ व्या वर्षी हमीचे निवृत्तिवेतन सुरू होते आणि अन्नाची चणचण जवळजवळ निम्मी होते. माणसे तीच, सवयी त्याच, फक्त दर महिन्याला येणारी रक्कम बदलली. रोख पैशातून भाडे, मीटर, बसभाडे आणि भाजी यांतले आज काय अडले आहे ते माणूस स्वतः ठरवतो. डब्यांच्या पिशवीतून ते ठरवता येत नाही.

प्रश्न : जर्मनीत ‘टाफेल’ नावाच्या अशाच संस्था आहेत, आणि तिथे लोक थोडे पैसे देऊन अन्न घेतात असे वाचले. मग तो प्रकार अधिक सन्मानाचा नाही का?

उत्तर : काही अंशी आहे. पहिली टाफेल बर्लिनमध्ये १९९३ मध्ये सुरू झाली आणि आज त्या ९०० हून अधिक आहेत. भत्त्याचे सरकारी पत्र दाखवायचे, नाव नोंदवायचे, आणि ठरलेल्या वारी नाममात्र रक्कम देऊन अन्न घ्यायचे, अशी साधारण रीत आहे. २००५ मध्ये ‘हार्ट्झ चार’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुधारणांनी दीर्घकाळ बेकार असलेल्यांचा भत्ता मूलभूत पातळीवर आणला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत टाफेलची संख्या झपाट्याने वाढली.

पण नाममात्र पैसे घेतल्याने दान हे हक्क होत नाही. एसन शहरातल्या टाफेलने २०१८ च्या सुरुवातीला जर्मन नागरिक नसलेल्यांची नवी नोंदणी थांबवली. देशभर वाद झाला, चॅन्सेलर मर्केल यांनीही नापसंती दर्शवली, आणि एप्रिलमध्ये ती बंदी उठली. त्या मधल्या आठवड्यांत दारातून परत गेलेल्या माणसाला दाद मागायला सरकारी कचेरीसारखी जागा नव्हती, कारण टाफेलमधून अन्न मिळणे हा मुळात त्याचा हक्कच नव्हता. स्वयंसेवकांवर राग काढण्यातही अर्थ नव्हता. मोजके अन्न आणि लांब रांग अशा स्थितीत कोणाला नाही म्हणायचे, हा निर्णय त्यांच्या गळ्यात पडला होता. तो त्यांचा नसायलाच हवा होता.

याबाबत जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ९ फेब्रुवारी २०१० रोजी दिलेला निकाल प्रत्येक धोरणकर्त्याने वाचावा असा आहे. सन्मानाने जगण्यापुरती किमान रक्कम हा घटनेच्या पहिल्या आणि विसाव्या कलमांतून येणारा हक्क आहे आणि ती रक्कम सरकारने उघड, पडताळता येईल अशा पद्धतीने काढली पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. पुढे तर असेही म्हटले आहे, की ज्या मदतीवर गरजूचा हक्क नाही अशा ऐच्छिक मदतीकडे त्याला पाठवता येणार नाही, मग ती सरकारची असो वा इतर कोणाची. याच न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये शिक्षा म्हणून भत्ता ३० टक्क्यांपेक्षा जास्त कापणे घटनाबाह्य ठरवले.

प्रश्न : अमेरिकेत तर फूड बँका सर्वांत जुन्या. सरकार मागे सरले तर त्या भार उचलू शकतील का?

उत्तर : साध्या गुणाकाराने उत्तर मिळते. पहिली फूड बँक १९६७ मध्ये फीनिक्स शहरात जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. त्यांच्या परंपरेतल्या ‘फीडिंग अमेरिका’ या जाळ्याचाच हिशेब असा, की फूड बँका एक जेवण देतात तेव्हा ‘स्नॅप’ ही सरकारी अन्नसाहाय्य योजना नऊ जेवणे देते. म्हणजे स्नॅपमध्ये फक्त दहा टक्के कपात झाली, तरी ती भरून काढायला फूड बँकांना आपले काम जवळजवळ दुप्पट करावे लागेल. २०२४ च्या आर्थिक वर्षात दरमहा सरासरी ४ कोटी १७ लाख लोक स्नॅप घेत होते. जुलै २०२५ च्या कायद्याने कामाची अट ६४ वर्षांपर्यंतच्या लोकांना लावली आणि दहा वर्षांत सुमारे १८० अब्ज डॉलरहून अधिक कपात ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारी कामकाज ठप्प असताना स्नॅपची रक्कम अडकली, तेव्हा अनेक शहरांत फूड बँकांपुढे रांगा लागल्या. हे काही दिवसांचे होते. कायमच्या कपातीचा भार कोणतीही देणगी मोहीम पेलू शकणार नाही.

प्रश्न : मग फूड बँका बंद व्हायला हव्यात का? आणि आम्ही देणगी देणे थांबवावे का?

उत्तर : आज दार बंद केले, तर आज संध्याकाळी कोणाची तरी मुले उपाशी झोपतील. देणगी थांबवू नका. मात्र ती कुठे जाते ते विचारा.

ब्रिटनच्या सरकारी पाहणीत २०२२-२३ साली ७२ लाख लोक अन्नाची चणचण असलेल्या घरांत राहत होते. वर्षभरात फूड बँक वापरलेल्या घरांतले लोक होते २३ लाख. म्हणजे बहुसंख्य माणसे तिथपर्यंत पोहोचतच नाहीत, लाजेने, अंतरामुळे किंवा माहिती नसल्याने. त्यामुळे फूड बँकेतली रांग कमी झाली, म्हणून भूक कमी झाली असे समजू नये. केंद्राच्या वेळा कमी केल्या, तरी आकडा खाली येतो.

गरज कमी करण्याचा खरा मार्ग रकमेतून जातो. ट्रसेल आणि गरिबीवर संशोधन करणारे जोसेफ राउंट्री फाउंडेशन यांनी २०२३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार एकट्या माणसाला अन्न, वीज-गॅस, प्रवास अशा अत्यावश्यक गोष्टींसाठी आठवड्याला सुमारे १२० पौंड लागत होते. युनिव्हर्सल क्रेडिटची मूळ रक्कम होती ८५. ही ३५ पौंडांची दरी दर आठवड्याची आहे, आणि तीन दिवसांच्या शिध्याने ती भरत नाही. २०२५ च्या कायद्याने मूळ रक्कम काही वर्षे महागाईपेक्षा जास्त वाढवायचे ठरले, हे चांगले झाले. पण त्याच कायद्याने आजारपणामुळे मिळणारा जादा भाग नव्या अर्जदारांसाठी एप्रिल २०२६ पासून आठवड्याला सुमारे ९७ पौंडांवरून ५० वर आणला. आजारी माणसे फूड बँकेत आधीच मोठ्या संख्येने येतात, त्यामुळे आम्हाला या बदलाची काळजी वाटते.

स्कॉटलंड थोड्या वेगळ्या वाटेने गेले आहे. तिथे २०१३ मध्ये देशपातळीवर स्कॉटिश वेल्फेअर फंड उभा राहिला, आणि जून २०२३ मध्ये सरकारने ‘आधी रोख’ असा आराखडा जाहीर केला : अडचणीत आलेल्याला प्रथम रोख मदत आणि सल्ला, शिधा अगदी शेवटी. शिध्याऐवजी दुकानाचे कार्ड देण्याचे प्रयोगही त्यात आहेत. त्यांत काही गोष्टी जपाव्या लागतात. कार्ड चालेल असे दुकान चालत जाण्याच्या अंतरावर हवे. ते सामान्य भेटकार्डासारखे दिसायला हवे, नाहीतर गल्ल्यावर ओळख उघडी पडते. रक्कम संपेपर्यंत अनेकदा वापरता यायला हवे. आणि मोबाइलवर येणारा कोड ज्याच्याकडे डेटा नाही त्याच्या उपयोगाचा नसतो, म्हणून कागदी कार्डही ठेवावे लागते.

देणगी देताना केंद्राला तीन प्रश्न विचारा. भत्त्यांचा सल्लागार आठवड्यातून किती तास तिथे बसतो? नाकारलेल्या भत्त्यावर अपील करायला मदत मिळते का? माणसे का आली याची कारणे नोंदवून ती काउन्सिलला आणि खासदाराला पाठवली जातात का? तिन्हींची उत्तरे ठीक असतील, तर डब्यांपेक्षा पैसे द्या, आणि त्यातला काही भाग सल्लागाराच्या पगाराला वापरायला हरकत नाही असे लिहून द्या. वस्तूच द्यायच्या असतील, तर केंद्राच्या संकेतस्थळावरची चालू यादी बघून घ्या. पास्ता आणि बीन्स बहुतेक ठिकाणी पुरेसे असतात. कमी पडतात ते टिकाऊ दूध, फळांचा रस, डबाबंद मांस आणि फळे, कपडे धुण्याची पावडर आणि मोठ्या मापाचे डायपर.